सारं वावर सोडा

समोर असतीस तर म्हटलं असतं, ये, इकडे जवळ बस. दारातूनच हात हलवून पळायची सवय तुम्हा शिकलेल्या पोरींना कुठून लागली, देव जाणे. मागच्या दिवाळीच्या आधी आलीस, चहा अर्धाच पिलीस, ते टेपचं यंत्र माझ्या तोंडापुढे धरलंस, आणि तुमच्या अंकात छापून काय आलं? 'आदिलाबाद भागातील शेतकऱ्यांनी निसर्गप्रेमापोटी आपल्या वडिलोपार्जित जमिनी रानाला दिल्या.' मी चष्मा पुसून परत वाचलं. निसर्गप्रेमापोटी! अगं माझे बाई, त्या जमिनी दारोदार फिरून मी सोडवल्या. एकही माणूस मला असा भेटला नाही की जो उठून म्हणाला, शांताबाई, मला झाडं फार आवडतात, घ्या माझं वावर.

रागावले नाही मी. पण या वेळी तूच म्हणालीस, आजी, तुम्हीच लिहा. तर लिहिते. शाळा माझी दुसरीतच सुटली, वाचायला मी बियाण्याच्या पाकिटांवरून शिकले. वेलांट्या तू नीट कर, मजकुराला हात लावू नको.

आमचं काम काय होतं ते आधी सांगते, कारण आता ते कोणी करत नाही. तलमडुगूच्या पलीकडे, महाराष्ट्राच्या शिवेला लागून आमची एक लहानशी संस्था होती. एक साहेब, एक रोपवाटिका, एक खडखडणारी जीप आणि आम्ही चार-दोन माणसं. जंगलाच्या कडेला चढावर जी मुरमाड वावरं असतात, त्यांची माती दर पावसाळ्यात खाली वाहून येते, नाला गाळानं भरतो आणि पौषातच सुकतो. अशी वावरं मालकानं नांगरणं सोडावं, तिथं परत रान येऊ द्यावं, आणि पुढे पोरानातवांनी मोडू नये म्हणून जमीन संस्थेच्या नावे कायमची लिहून द्यावी, असं ते काम. बदल्यात काही नाही. दान.

आधी साहेब स्वतः जायचे. माणूस भला, वरंगलकडचा, तेलुगू आणि हिंदी बोलायचा. पारावर बसलेले पुरुष मान हलवून हो म्हणायचे. मग मंडलच्या, म्हणजे तुमच्या तहसीलच्या, ऑफिसात सगळे गोळा झाले की ऐन अंगठ्याच्या वेळी घरातली म्हातारी हात पदराखाली घ्यायची. साहेबांनी असा मार दोन-तीनदा खाल्ला, तेव्हा त्यांनी मला शोधलं. मी तेव्हा बाजारात भाजी विकायची. माहेर माळ्याचं, सासर माळ्याचं, या भागातल्या गावोगावच्या बाया मला माझ्या टोपलीवरून ओळखायच्या. माझी बैठक पारावर नाही, चुलीपाशी. जमीन कधी मागायची नाही. पाणी मागायचं, बसायचं, शेंगा सोलू लागायच्या. एखाद्या घरी पूर्ण एक पावसाळा मी नुसत्या शेंगा सोलल्या आहेत.

दिवस वाईट होते. जंगलातले अण्णा, म्हणजे नक्षलवाले, एका बाजूनं आणि पोलीस दुसऱ्या बाजूनं, मधे गावं. जीपचा आवाज आला की माणसं ज्वारीत शिरायची. मी उतरून हाक मारली की कोणीतरी आतून म्हणायचं, "निघा बे भाईर, भाजीवाली हाय." मग एकेक जण कपडे झटकत, जसं काही शौचाला गेला होता, असा बाहेर यायचा.

आता लोक देत का होते, ते ऐक. दोघे भाऊ होते, शेजारी शेजारी वावर. एक जण दरवर्षी नांगरताना धुरा थोडा भावाकडे सरकवायचा, दुसरा पुढच्या वर्षी परत आणायचा. धुरा म्हणजे तुमचा बांध. कुऱ्हाडीपर्यंत गोष्ट गेली. एका सकाळी थोरला माझ्याकडे आला, म्हणाला, धुऱ्यालगतची माझी पट्टी लिहून घ्या. दुपारी धाकटा आला, तोही तेच म्हणाला. मी विचारलं, काऊन गा, एकाएकी? तर म्हणतो, "त्याले भेटू नये, बस. रानाले भेटलं त चालते." त्या पट्टीत बोर, बाभूळ, हिवर असं माजलं की ते दोघं एकमेकांना दिसेनासे झाले. माझ्या सगळ्या रानांत तेच सगळ्यात दाट.

नेरडीगोंड्याकडे सडकेवरचा एक मोठा पट्टेदार, म्हणजे जमीनदार, होता. त्यानं डोंगराचा अख्खा उतार दिला. हार घातला, फोटो काढला, त्यानं भाषणात धरतीमाता की काय ते म्हटलं. खरं असं होतं की अण्णांनी त्या उतारावर लाल कापड लावायचा निरोप धाडला होता. आता ही जमीन वाटली जाणार, हे त्याला कळून चुकलं होतं. जेवताना तो माझ्यासमोर हसत बोलला, "वाटून देण्यापरीस वाघाले दिलेली बरी." त्या उताराच्या पोटाशी कोलाम आदिवासींची दोन-चार घरं ज्वारी टाकून खायची. दान झालं आणि त्यांची ज्वारी बंद झाली. हार त्याच्या गळ्यात पडला, उठून जावं लागलं त्यांना. आज ते रान सुरेख आहे. मी तिकडे जात नाही.

हे तुला टेपवर सांगायला बसले असते तर चहा संपला असता ना तुझा.

पण मला सांगायचं आहे ते नामदेवचं. भीमपूरच्या बाजूचं गाव. नामदेव म्हणजे कमी बोलणारा, हडकुळा माणूस. बायको अंजनाबाई आणि एकुलता एक मुलगा देविदास, तेव्हा नुकता लग्नाला आलेला. नाल्याकाठी थोडं काळं वावर होतं आणि वरच्या अंगाला चार एकर मुरमाड. त्यात एक मोहाचं झाड. सोयाबीन तेव्हा नवं नवं आलं होतं आणि गावात कोणाचा तरी ट्रॅक्टर आला होता. देविदासच्या डोक्यात एकच, वरचं वावर ट्रॅक्टरनं खोल नांगरायचं आणि सोयाबीन घ्यायचं. ट्रॅक्टरवाल्याशी त्यानं बोलूनही ठेवलं होतं.

नामदेव मला बाजारात शोधत आला. वांगी हातात घेऊन उलटीपालटी करत राहिला, घेईना.

"शांताबाई, तुमी वावर घेता म्हणे."

"घेत नाही, दादा. सोडवतो आमी."

"मंग माझं वरचं सोडवा. लवकर सोडवा."

आपण होऊन कोणी आलं की मला धडकीच भरायची. मी त्याच्या घरी गेले, चुलीपाशी बसले. अंजनाबाई भाकरी थापत होती. म्हटलं, बाई, तुमच्या मनात आहे का?

"मीच म्हनलं त्यायले, देऊन टाका."

"काऊन पण?"

"पिकत नाई."

"मी दरसाल बघते, तुमची ज्वारी बरी असते की."

"रोही खाऊन टाकतात." रोही म्हणजे नीलगाय. एवढं बोलून तिनं तव्यावरची भाकर हातानं उलटली, माझ्याकडे पाहिलं नाही.

माझा एक नेम होता. लिहून घ्यायच्या आधी घरच्या सगळ्यांना घेऊन त्या वावराच्या धुऱ्यावरून एक फेरी मारायची. तोंडानं माणूस जे सांगत नाही, ते चालताना कळतं. कोण कुठं रेंगाळतो, कोण कुठं घाई करतो. त्या दिवशी नामदेव पुढे, मागे मी, माझ्या मागे अंजनाबाई, तिच्या मागे रुसलेला देविदास पायानं ढेकळं उडवत. अंजनाबाईनं धुऱ्यावर पाय ठेवताच चप्पल काढून हातात घेतली. चैत्रातलं ऊन, खाली तापलेला मुरूम.

"माय, चप्पल घाल वं. पाय भाजतीन."

"भाजू दे."

अख्खी फेरी तिनं तशीच केली आणि वावरात एकदाही उतरली नाही. मला वाटलं, नवस असेल काही. मोहाखाली थांबलो तेव्हा नामदेवनं मला एवढंच विचारलं, "नांगर लागणार नाई ना कधी इथं?"

"कधीच नाही."

"टॅक्टर?"

"दादा, बैलसुद्धा येणार नाही."

"मंग झालं." त्यानं टोपी काढून डोकं पुसलं. जमीन बापजाद्यांची, म्हणून देविदासचीही सही लागली. ऑफिसात बापानं त्याच्याकडे बघितलं नाही, नुसता पेन पुढे केला. पोरानं सही केली आणि पेन टेबलावर असा टाकला की शाई उडाली.

त्याच हिवाळ्यात कापूस वेचताना नामदेवच्या छातीत कळ आली. बंडीत घालून सडकेकडे नेता नेता वाटेतच गेला. काही सांगून जायला उसंत मिळाली नाही त्याला.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही त्या वावरात लागवडीला गेलो. लागवडीची रीत अशी, की उन्हाळ्यातच खड्डे खणून ठेवायचे, माती उन्हानं भाजून निघते, मग पहिल्या सरींनंतर रोप लावायचं. साहेबांना ओळींचा फार अभिमान. दोरी धरून, चुन्यानं खूण करून, सरळ रेषेत खड्डे. नांगर लावायचा नाही, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. पण खड्डाही जमीन उकरतोच, हे कोणाच्या मनातच आलं नाही. नांगर म्हणजे पीक, खड्डा म्हणजे झाड. आमच्या कामात ही दोन वेगळी नावं होती.

मजूर बाया शेजारच्या गावच्या. हसतखिदळत चाललं होतं, कोणाची तरी सून पळून गेली होती तिची गोष्ट रंगली होती. आणि एकदम आवाज बंद झाला. मी मोहाखाली रोपांच्या जागा मोजत होते, वर पाहिलं. वावराच्या पार दुसऱ्या टोकाला एक बाई खड्ड्यात वाकलेली, तिचं टिकास बाजूला पडलेलं. मी गेले. तिच्या तळहातावर काळे मणी होते, मधे एक पांढरा. तान्ह्या लेकराला दृष्ट लागू नये म्हणून मनगटात बांधतात, ती मनगटी. दोरा केव्हाच कुजलेला. खड्ड्यात आणखी काय होतं ते लिहीत नाही.

तुला माहीत नसेल, म्हणून सांगते. दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत, पुरतात. आणि आमच्याकडे पुरतात ते आपल्या वावरात. वर दगड ठेवत नाहीत, खूण करत नाहीत. बाप उचलून नेतो. आई जात नाही.

एकाही बाईला काही सांगावं लागलं नाही. कोणी ओरडलं नाही. एकेकीनं आपलं टिकास, फावडं हळूच खाली ठेवलं, जसं झोपलेल्या घरात भांडं ठेवावं तसं, आणि सगळ्या वावराबाहेर जाऊन धुऱ्यावर बसल्या. साहेबांना कळेना. "अक्का, क्या हुआ? साप निकला क्या?"

मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. वाईट माणूस नव्हता तो. पण रोपवाटिकेत हजारो रोपं पिशव्यांत वाढून बसली होती, पाऊस तोंडावर. म्हणाले, "घरवालों को बुलाओ. जगह पूछ लो. उतना छोड़ देंगे, बाकी में काम चलेगा."

गावात कोणी तरी धावलं. अंजनाबाई आली, मागे देविदास. धुऱ्यापाशी तिनं चप्पल काढली. मी मणी तिच्या हातात दिले. तिनं ते एकदा मोजल्यासारखे बोटानं सरकवले.

"गंगेचे हायत," म्हणाली. "तिच्याच दोऱ्यात पांढरा होता."

देविदासनं माझ्याकडे पाहिलं. "कोन गंगा?"

अंजनाबाई मण्यांवरची माती पुसत राहिली.

"माय, कोन गंगा?"

"तुही बहीण. तुह्या आंधीची." मग म्हणाली, "तिच्या आंधी तिघं. सारे इथंच."

सगळीच पाळण्यात, सटवाईच्या पूजेच्या मागेपुढे गेलेली. आता आपण त्याला धनुर्वात म्हणतो. तेव्हा नाळ विळ्यानं कापायचे आणि लेकरू कडक पडलं की म्हणायचे, नजर लागली.

साहेब मला हळूच म्हणाले, "पूछो ना, कौनसी जगह." मी विचारलं. मला विचारावंच लागलं.

"मले काय मालूम, बाई?" अंजनाबाई म्हणाली. "मी बाळंतीण. खाटेवर. हे उचलून नेत, येऊन हात धूत, अन् बैलाले चारा टाकत. मी इचारलं नाई, त्यायनं सांगतलं नाई. वरच्या वावरात, एवढंच समजे मले."

"मोहाजवळ असतील?"

"असतीन. नसतीन बी. हे लेकरू मोहापासून केवढं दूर निंघालं, पाहा ना."

तेव्हा देविदास खाली बसला. मातीकडे पाहत म्हणाला, "बाबा वखर हाकताना मधीच उचलून घेत. मी म्हनो, बाबा, तास तुटून राह्यलं. ते म्हनत, गोटा हाय खाली, पातं तुटीन. जागोजागी उचलत."

"कुठं कुठं, आठवते का?" मी विचारलं.

"नाई. मले खरंच गोटा वाटे."

मग तो उठला. त्याचा आवाज बदलला होता. "मले काऊन नाई सांगतलं, माय?"

"तुह्यापुढं त्यायचं नाव काढलं असतं, अन् त्यायनं तुले बलावलं असतं त? तू वाचला ना. मी तोंड शिवून घेतलं."

"वाचलो," तो म्हणाला. "मेलेल्यायले चार एकर. अन् जित्याले?"

त्याचं चुकलं असं मला कधी म्हणता आलं नाही. तो तसाच उतरून निघून गेला.

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, रोपांकडे पाहिलं. "फिर कितना छोड़ना है, अम्मा?"

अंजनाबाईला हिंदी कळत नव्हतं, पण हे कळलं. तिनं या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत हात फिरवला. "सारं वावर सोडा."

बाया उठल्या. खणलेले खड्डे त्यांनी बुजवले, पण फावड्यानं नाही. हातानं ओंजळीओंजळीनं माती लोटली. मणी जिथं निघाले त्या खड्ड्यात अंजनाबाईनं ते स्वतः ठेवले. अंधार पडेस्तो ते चाललं होतं. साहेब जीपमध्ये बसून राहिले होते, आणि निघताना कोणाची मजुरी कापली नाही एवढं त्यांचं मला कायम आठवतं. रोपं दुसऱ्या गावी गेली, बरीचशी वाळली.

पुढे दरवर्षी बाहेरून पाहुणे यायचे काम बघायला. सगळीकडे ओळीत साग, शिसव, आवळा. इथं आले की विचारायचे, इथं काहीच का नाही केलं? साहेब म्हणायचे, "अक्का बताएगी." मी म्हणायची, इथं मालकिणीची अट आहे, आपोआप येऊ द्यायचं. पाहुणे वाहवा करायचे, लिहून घ्यायचे. आणि आलंही आपोआप. आधी कुसळी गवत, मग पळस, टेंभुरणी, चारोळी. रोही येऊन बसायचे. धाक नव्हता त्यांना, कारण गुराखीसुद्धा तिकडे गुरं घालेनात.

देविदास त्या वर्षीच गाव सोडून गेला, नागपूरकडे कुठे सडकेच्या कामावर. आईकडे परतला तो थेट तिच्या तिरडीला. मधली सगळी वर्षं ती एकटी. नाल्याकाठचं वावर बटईनं दिलेलं. संध्याकाळी धुऱ्यावर येऊन बसायची, चप्पल बाजूला. मी बाजारातून परतताना तिच्याजवळ टेकायची. एकदा म्हटलं, बाई, जागा माहीत असती तर बरं झालं असतं, नाही? पोराला बाकीचं तरी राहिलं असतं.

"हो वं," म्हणाली. "अन् मी एकाच जागी रडली असती. आता कुठं बी पाहिलं तरी वाटते, इथं असन." तिनं पायानं मुरूम सरकवला. "त्यायचं बी काय चुकलं? मले सांगतलं असतं त मी उकरून काढलं असतं."

तू मला विचारलंस ना, आजी, तुम्ही हे काम इतकी वर्षं कशाच्या बळावर केलंत? तेव्हा मी हसून उडवून लावलं. माझा पहिला दहा दिवसांचा होता. मीही खाटेवरच होते. दीर घेऊन गेले, सासऱ्यांच्या वावरात. कुठं, ते मला ठाऊक नाही. ते वावर पुढे विकलं गेलं. आता दरसाल तिथं ट्रॅक्टर फिरतो. सोयाबीन चांगलं येतं म्हणे.

आता घाई कशाची, ते सांगते. संस्था केव्हाच बंद पडली, साहेब वारले, दानाचा कागद राखणारं कोणी उरलं नाही. देविदासही गेला. मागच्या महिन्यात त्याचा पोरगा आला, मोजणीवाल्याला घेऊन. शहाणा आहे, नीट बोलतो, माझ्या पाया पडला. म्हणाला, "आजी, तुमाले मालूम असन. नेमकी जागा दाखवा, तेवढी कुंपण घालून सोडतो. देवळी बांधतो वाटल्यास. बाकीचं आमाले कामी येईन." त्याच्या बापाला जे मिळालं नाही ते तो मागतो आहे, त्याला मी चोर कशी म्हणू? वाटलं असतं तर मोहाखाली बोट दाखवलं असतं. त्याचं भलं झालं असतं, माझी कटकट मिटली असती.

मी म्हटलं, मला माहीत नाही, बाळा. कोणालाच माहीत नाही. सारं सोड.

तो म्हणाला, बरं, पुन्हा येतो. येईलच. मोजणीवाल्यानं गवतात खुंट्या ठोकल्या होत्या, त्या मी दुसऱ्या दिवशी उपटल्या, पण माझे गुडघे आता त्या चढावर साथ देत नाहीत. त्या दिवशी धुऱ्यावर बसलेल्या बायांमधली आता मी एकटीच उरले आहे. माझ्यामागे त्यानं विचारलं, आणि गावातल्या कोणी जाणत्यानं मोठ्या तोंडानं मोहाकडे बोट दाखवलं, की संपलं. तिथं उभं राहून 'माहीत नाही' म्हणणारं कोणीतरी असायला हवं, पोरी.

म्हणून ये. पळस फुलेपर्यंत थांबू नको, दिवाळी झाली की लगेच ये. धुऱ्यावर चप्पल काढ, माझा हात धर, आपण दोघी एक फेरी मारू. आणि या वेळी चहा पुरा पिऊन जा.